पांढऱ्यांतलें पांढरें

गेला पंधरवडा आमच्या घरांत एका खोलीच्या रंगावरून वाद चालला होता. सांगलीच्या आमच्या वडील भगिनी आक्का आतां कायमच्या साताऱ्यास राहावयास येणार, म्हणून मागील खोली रंगवावयाची होती. रंग पांढरा, याविषयीं सर्वांचें एकमत. कोणता पांढरा, एवढाच प्रश्न. दुकानदाराच्या तक्त्यांत ‘हस्तिदंती’ व ‘मोतिया’ शेजारीं शेजारीं होते. सूनबाईंची पसंती पहिल्यास, चिरंजीवांची दुसऱ्यास. आम्हांस दोन्ही एकच दिसत, परंतु तें आम्ही बोलून दाखविलें नाहीं.

अमरकोशांत पांढऱ्याचीं तेरा नांवें आहेत, आणि पिवळसर पांढऱ्याचीं पांडु, पांडुर वगैरे निराळीं. त्या कोशकाराची दृष्टि आमच्यापाशीं नसल्यामुळें दोन्ही रंगांचे हातहात रुंद पट्टे भिंतीवरच ओढविले व वाळूं दिले. आमचें घर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर, आणि खिडकीही उत्तरेस. थेट ऊन क्वचित्‌, आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो. त्यांत मोतिया राखेसारखा दिसूं लागला आणि हस्तिदंती शुभ्र! रात्रीं पिवळ्या दिव्याखालीं हस्तिदंतीवर साय धरली. तक्त्यावर यांतलें कांहींच कळलें नव्हतें.

इतक्यांत आक्का आल्या. पट्टे त्यांस दाखविले, तर म्हणाल्या, “मोतीबिंदू डोळ्यांत आहे तेवढा पुरे, भिंतीवर मोतिया नको.” मग खिडकीखालीं तळवा टेकून पाहिला. “अरे, ही भिंत ओली आहे. आधीं हिला वाळूं दे.”

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी त्यांच्या घरांत शिरलें होतें. दिवाळीपूर्वीं घर नीट दिसावें म्हणून घाईनें तैलरंग दिला. संक्रांतीला त्याचे पापुद्रे हातांत आले. तो रंग आंतली ओल बाहेर पडूं देत नाहीं. चुना देतो, शिवाय हवेंतील कर्बवायु घेऊन तो पुन्हां दगड बनतो. ‘सुधा’ म्हणजे अमृत तसा चुनाही, आणि त्यावरूनच ‘सौध’. शाळेंत हें आम्ही कितीदां सांगितलें असेल! स्वतःच्या भिंतीला मात्र कधीं हात लावून पाहिला नव्हता.

बाहेरून पाहतां गच्चीची पन्हळ फुटलेली आढळली. ती बदलली, जुना थर खरवडला. वाळल्यावर चुन्यांत चिमूटभर पिवडी घालून हात द्यावयाचा ठरला आहे. तोंवर आक्का माजघरांत निजतात, आणि रोज सकाळीं चहापूर्वीं भिंतीस हात लावून येतात.