शिस्त सैन्याची, शिक्षा मुलांना

स्वयंसेवी संस्था, खासगी शाळा आणि राज्य सरकारे यांच्या भागीदारीतून शंभर नव्या सैनिक शाळा उभारण्याची घोषणा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२१ च्या अर्थसंकल्पात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून राजधानीत वाद रंगला तो या शाळा कोणाच्या पदरात पडल्या याचा. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून हे धोरण मागे घेण्याची मागणी केली, तर संरक्षण मंत्रालयाने पक्षपाताचा आरोप फेटाळून लावला. हा वाद गैर नाही. परंतु शाळा कोण चालवतो याची एवढी चौकशी करणाऱ्यांनी तेथे शिस्त कशी लावली जाते, याची विचारपूस मात्र फारशी केलेली नाही.

सैनिकी शिस्तीच्या निवासी शाळांत राहिलेल्यांना ‘रगडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकाच्या बिछान्याची घडी चुकते आणि सारे वसतिगृह मैदानात उभे केले जाते. एक जण उशिरा येतो आणि तुकडीतील प्रत्येकाला कोलांट्या घालाव्या लागतात. यातून एकजूट निर्माण होते, असे समर्थक सांगतात. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. शिक्षकाने द्यायची शिक्षा मुलांच्या हाती सोपवली जाते. ज्याच्यामुळे सर्वांना धावावे लागले, त्याचा हिशेब रात्री दिवे मालवल्यावर चुकता होतो. आणि वारंवार चुकणारा मुलगा बहुधा खोडकर नसतो, तर दुबळा किंवा आजारी असतो. त्याच्या अंगावर वळ उठले, तरी कागदोपत्री कोणीही त्याला हात लावलेला नसतो.

‘सैन्यात असेच चालते’, हा यावरचा हुकमी युक्तिवाद. १९५० च्या लष्कर कायद्यात सामूहिक दंडाची तरतूद आहे, हे खरे. मात्र तो दंड तुकडीचे शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तरच होतो. त्यासाठी आधी चौकशी न्यायालयाचा अहवाल लागतो आणि वसुली पगारातून होते. शत्रूच्या युद्धकैद्यांबाबत तर १९४९ चा तिसरा जीनिव्हा करार अधिकच स्पष्ट आहे: एकाच्या कृत्याबद्दल सर्वांना शिक्षा करण्यास त्यात मनाई आहे. हे करार भारताने स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांसाठी कायदाही केला. म्हणजे हाती सापडलेल्या शत्रुसैनिकाला जे संरक्षण आपण देतो, तेवढेही स्पष्ट संरक्षण आपल्याच सातवीतल्या मुलाला नसावे?

या मुलांना कायद्याने अगदी वाऱ्यावर सोडले आहे, असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी करते आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सैनिक शाळेचा नावानिशी उल्लेख आहे. अडचण अशी, की या कायद्याचे ‘बालक’ चौदाव्या वर्षी संपते. सैनिक शाळा सहावी ते बारावीची. तेव्हा ऐन पौगंडावस्थेत हे छत्र डोक्यावरून जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहे आणि निरीक्षणगृहांतील शारीरिक शिक्षा अठराव्या वर्षापर्यंत दंडनीय ठरवली. गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी असे स्वतंत्र कलम आहे, अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या त्याच वयाच्या विद्यार्थ्यासाठी नाही. क्रूरतेविरुद्धचे सर्वसाधारण कलम त्यालाही लागू आहे. पण साठ मुलांना तासभर पळवणे ही क्रूरता, हे सिद्ध कोण करणार?

नंतरच्या खटल्यावर विसंबणे किती फोल ठरते, हे अमेरिकेने पाहिले आहे. जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातील एका बूट कॅम्पात धावता धावता थांबलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला रक्षकांनी मारहाण केली. दुसऱ्या दिवशी तो दगावला. सारा प्रकार कॅमेऱ्याने टिपला होता. तरीही २००७ मध्ये ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडले. त्या राज्याने मात्र २००६ मध्येच असे कॅम्प कायद्याने बंद केले होते.

आपल्याकडे शाळा बंद करण्याचे कारण नाही. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना १९६१ मध्ये साताऱ्यात पहिली सैनिक शाळा सुरू झाली, ती सामान्य घरांतील मुलांना अधिकारीपदाची वाट खुली व्हावी म्हणून. असे पालक दूर असतात आणि मुलाची जागा जाईल या भीतीने गप्पही बसतात. म्हणूनच सैनिक स्कूल सोसायटीने प्रत्येक भागीदाराशी होणाऱ्या करारात सामूहिक शिक्षेला, वय न पाहता, स्पष्ट बंदी घालावी. शिक्षांची नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे. आणि शाळेशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे तक्रार करण्याची सोय मुलांना द्यावी. संसदेने सतराव्या कलमाचे संरक्षण अठराव्या वर्षापर्यंत न्यावे. यासाठी पैसा लागत नाही आणि कोणत्याही पक्षाचे नुकसानही होत नाही. आपल्या चुकीची जबाबदारी स्वतः घेणे हा अधिकाऱ्याचा पहिला गुण. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा मुकाट्याने भोगण्याच्या सवयीतून तो अंगी बाणत नाही.