पार्कात गेलेल्या पोरांना शिव्या घालण्याआधी



एप्रिल लागला की सोसायटीच्या ऑफिसात एकच तक्रार येते. "बोटीवर यायला माणूस मिळत नाही, गावची पोरं सगळी वॉटर पार्कात गेली." मागच्या आठवड्यात एका बोटमालकाने तर आम्हालाच सांगितले, "सचिवबाब, सोसायटीने ठराव घ्या. पार्कात गेलेल्या पोराला ऑगस्टमध्ये बोटीवर चढू द्यायचे नाही."

असा ठराव आम्ही मांडणार नाही. का मांडणार नाही, ते इथे लिहितो. कुणाला राग आला तर ऑफिसात येऊन भांडा, चहा आमच्याकडून.

आधी पोरं का जातात ते बघू. आपली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. पार्काची खरी गर्दी असते एप्रिल-मे, सुट्टीच्या दिवसांत. जूनमध्ये पाऊस लागला, शाळा पुन्हा भरल्या की गर्दी उतरते आणि सीझनपुरते घेतलेले लोक पहिले कमी होतात. म्हणजे आपल्या पोरांना काम हवे असते तेव्हा पार्क रिकामे, आणि पार्काला माणसे हवी असतात तेव्हा आपल्या बोटी पाण्यात. तरीही पोरगा बोट सोडून जातो. असे का?

पार्कात महिन्याचा आकडा ठरलेला असतो. दोन वेळचे जेवण, आठवड्याला एक सुट्टी, अंगावर टी-शर्ट. आपल्या बोटीवर काय? वाटा. मासळी पडली तर वाटा, नाही पडली तर डिझेल आणि बर्फ वजा करून हातात काहीच नाही. त्यात उचल आधीच घेतलेली. हिशेब कधी? "सीझन संपू दे, मग बसू." तीन सीझन असे ऐकलेल्या पोराने ठरलेला पगार धरला तर त्याला आळशी म्हणायचे तोंड आपल्याला उरते का? सगळे मालक असे नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण जे आहेत त्यांनाही आम्ही ओळखतो, आणि तेही हे वाचत आहेत.

आता पोरांना दोन शब्द. पार्कातले काम सोपे आहे असे समजून जाऊ नका. मे महिन्याच्या उन्हात स्लाइडच्या टॉवरवर आठ-नऊ तास उभे राहायचे. खालच्या टाकीतला माणूस बाजूला झाल्याशिवाय वरचा सोडायचा नाही, आणि मागे रांगेतले लोक ओरडत असतात. उंचीच्या पट्टीखालचे मूल आत सोडले आणि काही झाले तर आधी तुमच्याकडे बोट दाखवतील. क्लोरीनच्या पाण्याने डोळे लाल होतात, पायाची कातडी सोलते. "आम्ही समुद्रात पोहणारे, आम्हाला कसली भीती" म्हणून काही जण थेट जीवरक्षकाच्या खुर्चीत बसतात. पोहता येणे वेगळे आणि बुडणाऱ्याला काढणे, श्वास देणे वेगळे. त्याचे प्रशिक्षण मागा. नाही दिले तर ती खुर्ची घेऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आपल्याच एका सभासदाचा मुलगा एका पार्कात ठेकेदारामार्फत लागला होता. ओल्या फरशीवर घसरला, मनगट मोडले. ठेकेदार म्हणाला, "बरा झालास की ये." पगार त्या दिवसापर्यंतचाच. मुलाकडे ना नियुक्तीपत्र, ना ईएसआयचा नंबर. आम्ही त्याच्या आईबरोबर दोनदा गेलो. पार्कवाले म्हणतात तो ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणतो तो रोजंदारीवरचा. प्लास्टरचे पैसे शेवटी घरातून गेले. मुलगा तीन महिने जाळे शिवू शकला नाही, ऑगस्टची बोटही हुकली.

हे टाळता आले असते. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. कामगार रोजंदारीवरचा असो की ठेकेदाराचा, फरक पडत नाही. समजा पगार १२,००० रुपये. त्यातून कामगाराचे कापायचे ०.७५ टक्के, म्हणजे ९० रुपये. मालकाने भरायचे ३.२५ टक्के, म्हणजे ३९० रुपये. एवढ्यावर उपचार मिळतात, आणि कामावर अपघात झाला तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावेच लागते आणि जादा तासांना दुप्पट दर. तेव्हा पोरांनो, पहिल्या दिवशी लाजू नका. पत्र मागा, ईएसआय नंबर मागा, पगार बँकेत मागा, हजेरीचा रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि बोटमालकांनो, हीच यादी आता आपल्याकडे वळवा. आपल्या किती खलाशांचे नाव विम्यात आहे? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालच्या गट अपघात विम्यात मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख रुपये आहेत. तरी फॉर्म भरायला आधार कार्ड आणा म्हटले की "उद्या आणतो" असे उत्तर येते. पार्कवाल्या ठेकेदाराला नावे ठेवताना हे पण आठवू दे.

आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे.

एक, बोटीवरचा हिशेब दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत व्हावा, वहीत लिहून, दोघांच्या सहीने. उचल किती, वाटा किती, खर्च किती, सगळे खलाशाला दिसले पाहिजे.

दोन, जो पोरगा पार्कात जाणार त्याने मार्चमध्येच तांडेलाला सांगावे. आदल्या रात्री फोन बंद करून गायब होणे बरोबर नाही. तुझ्यावाचून बोट जेटीला बांधून राहिली तर बाकी सहा घरांची चूल थंड राहते, त्यात तुझ्या काकाचेही घर असते.

तीन, सोसायटीच्या ऑफिसात आम्ही एक वही ठेवतो आहोत. पार्कात, शॅकवर, कुठेही सीझनच्या कामाला जाणाऱ्याने आपले नाव, ठेकेदाराचे नाव आणि फोन, ठरलेला पगार लिहून ठेवावा. पुढे काही झाले तर निदान कुणाकडे जायचे ते आम्हाला कळेल. मुलींनीही नावे लिहावीत. लॉकर आणि खाण्याच्या काउंटरवर आपल्या घरच्या मुली जातात, आणि रात्री उशिरा परत यायची सोय काय, हे आजवर कुणी विचारलेले नाही.

पोरगा दोन महिने पार्कात गेला म्हणून तो समुद्राला परका झाला असे आम्ही मानत नाही. १ ऑगस्टला तो परत बोटीवर यावा, एवढेच हवे. त्याला यावेसे वाटेल असा हिशेब आपण ठेवतो का, हे प्रत्येकाने आपल्या वहीत बघावे.

वही उद्यापासून टेबलावर आहे. ऑफिस सकाळी लिलाव आटोपल्यावर उघडे असते.

आपला,
सचिव