जीर्णोद्धार की जीर्णनाश?

आमच्या घरी 1982 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या चारही दारांची आतली पॅड पाहवेनात. खालच्या कडा फुगून पापडासारख्या वाकड्या, रेक्झिन सुटून लोंबतंय, आणि चालकाच्या दारावर बाबांच्या कोपराने झिजवलेला गुळगुळीत पट्टा तेवढा शाबूत!

एका चकचकीत दुकानात गाडी दाखवली. मालकाने दार उघडून एक नजर टाकली आणि निकाल दिला, "पात्रांव, हें आतां कामाचें ना." त्याचा सल्ला असा की जुने सगळे फेकायचे, चौकडीच्या शिलाईचे काळे-लाल लेदरेट लावायचे आणि दारात भोके पाडून स्पीकर बसवायचे. खर्च बावीस हजार. याला तो 'रिस्टोरेशन' म्हणत होता.

मंडळी, माझे भांडण आहे ते या शब्दाशी. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. जीर्ण उचलून कचऱ्यात टाकणे याला वेगळा शब्द आहे. पण आपल्या गोव्यात हा फरक कुणाला उरला आहे? शिंपल्यांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावल्या, की घर 'रिनोव्हेट' झाले. देवळातले जुने लाकडी खांब काढून ग्रॅनाइट चढवला, की जीर्णोद्धाराची पाटी लागते, त्यावर देणगीदारांची नावेही येतात. गाडीचे दार ही त्यातलीच धाकटी गोष्ट. धाकटी आहे म्हणूनच ती आपल्या हातात आहे.

मी पॅड स्वतः काढले. खुर्चीचा हात सोडवला, काच वरखाली करायच्या मुठीमागची पिन काढली, क्लिपा हलक्या हाताने उचकटल्या. आत पाहिले आणि खरा गुन्हेगार सापडला. पावसाचे पाणी काचेच्या बाहेरच्या रबराशेजारून दाराच्या पोकळीत उतरतेच, नव्या गाडीतही उतरते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके असतात आणि पत्रा व पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. आमच्या गाडीत भोके चिखलाने बुजलेली होती आणि पडदा नव्हताच. कधीतरी काचेची दुरुस्ती करताना कुणीतरी तो टरकावून फेकून दिला असणार. मागचा पुठ्ठेवजा हार्डबोर्ड मग पाणी पीत राहिला. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, हार्डबोर्ड किती दिवस टिकणार?

आता सांगा, ते काळे-लाल लेदरेट याच दारावर बसवले असते तर दोन पावसाळ्यांत त्याचेही तेच झाले नसते का? रोग पाण्याचा आणि औषध शिलाईचे!

मी काय केले ते सांगतो. हेअर ड्रायरने ऊब देत जुने रेक्झिन बोर्डावरून सावकाश सोडवले. सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुतले. थिनर किंवा पेट्रोल चुकूनही लावू नका, त्याने रेक्झिनचा मऊपणा जातो आणि पुढे तडे पडतात. फाटलेल्या जागी मागून कापडाचे ठिगळ चिकटवले. जुना बोर्ड तीन मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवर ठेवून पेन्सिलीने आखला, प्रत्येक भोक तंतोतंत. प्लाय कापून दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वॉर्निशचे दोन हात दिले. चिकटवताना सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना लावून किंचित सुकू द्यायचे आणि मगच दाबायचे. गोलाईवर कड दुमडण्याआधी तिला छोट्या त्रिकोणी खाचा द्यायच्या, म्हणजे चुण्या पडत नाहीत. भोके तारेने मोकळी केली आणि जाड पॉलिथिनचा नवा पडदा लावला. एका पॅडचे रेक्झिन मात्र वाचण्यापलीकडे गेले होते. ते म्हापशाच्या एका म्हाताऱ्या कुशनवाल्याने जुन्या रंगाशी जुळणारे शोधून शिवून दिले. प्लाय, वॉर्निश, सोल्यूशन आणि त्याची मजुरी धरून तीन हजारांच्या आत सगळे आटोपले.

यावर दोन बाजूंनी हरकत येते. शुद्धतावादी म्हणतात, कंपनीचा हार्डबोर्ड जाऊन प्लाय आला, म्हणजे गाडी 'ओरिजिनल' राहिली नाही. अहो, सडलेला बोर्ड जपणे ही निष्ठा नव्हे! जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते ते शक्य तेवढे जुने ठेवावे, जे आत कुजते ते शहाणपणाने बदलावे. दुसरे म्हणतात, पद्मिनी ती काय, आणि तिचे एवढे कौतुक काय! 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिन्टेज'चा मान दिला, तुमची तर त्यातही बसत नाही. कबूल. पण ज्या गाडीने मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या शाळेत, लग्नात आणि इस्पितळात पोचवल्या, तिचे उत्पादन थांबूनही वीसेक वर्षे उलटली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. सरकारी शिक्क्याची वाट पाहत बसलो, तर शिक्का मारायला गाडी उरणार नाही.

आणि तो कुशनवाला? त्याचा मुलगा या धंद्यात नाही. आपण बावीस हजारांचे लेदरेट घेत राहिलो, तर रेक्झिनला ठिगळ लावणारा हातही गाडीबरोबरच भंगारात जाईल. एकदा तो गेला, की तीन हजारांत काहीच होणार नाही.

बाबांच्या कोपराचा तो पट्टा मी रंगवला नाही. परवा ते गाडीत बसले, काच खाली केली आणि काही न बोलता कोपर नेमके तिथेच टेकवले. त्या चकचकीत दुकानात हे कितीला मिळते, ते मला कुणीतरी सांगा.