कायदा गावात, बालक फडात

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची फेड करण्यासाठी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. त्यांच्यासोबत मुलेही निघतात आणि तेथेच कायद्याचे हात आखूड पडतात.

बालहक्कांसाठी या देशात कायद्यांची वानवा नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला व २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला. २०१६ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यावर बंदी आली. मात्र शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या उद्योगात हातभार लावण्याची मुभा राहिली. मग अडते कोठे?

अडते ते व्यवहारात. फडात 'कोयता' म्हणजे पती-पत्नीची जोडी. उचल त्या जोडीला मिळते. आई-वडील फडात असताना कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पाणी भरणारी, वाढे गोळा करणारी मुलगी कोणाच्याही हिशेबात नसते. कारखान्याच्या लेखी ती कामगार नाही आणि गावच्या शाळेच्या पटावर नाव असूनही ती वर्गात नाही. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती आणि नव्या जोडीला मिळणारी उचल, या दोहोंच्या कात्रीत तिचा विवाह लवकर उरकला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झाले होते. जेथे व्यवहारच बालविवाहास उत्तेजन देतो, तेथे केवळ प्रबोधन किंवा पालकांवरील खटले पुरे पडणार नाहीत.

हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना ही योग्य दिशेची पावले आहेत. परंतु टोळ्या निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह काय कामाचे? ते हंगामापूर्वी सुरू व्हावे आणि मुलींना तेथे घरासारखी सुरक्षितता लाभावी. कोयत्यांची नोंद करताना सोबतच्या मुलांची नोंद करणे कारखान्यांवर बंधनकारक व्हावे. आणि गावातील सज्जनशक्तीने टोळी निघण्याआधी घरोघरी जाऊन एवढेच विचारावे: मुले कोणाकडे राहणार? शासनाची यंत्रणा पोहोचण्यापूर्वी हा प्रश्न शेजाऱ्याने विचारला, तर पुष्कळ मुलांचे वर्ष वाचेल.