चहातली अंडी, धूर आणि अणुबॉम्ब

'चहात उकडलेली अंडी' म्हटलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "ई!" आणि पुढचा प्रश्न, "दुधाच्या चहात?" नाही हो. काळ्या चहात, आणि त्यात सोया सॉस आणि खडा मसाला. चीन-तैवानमध्ये हा प्रकार आपल्या वडापावइतका रोजचा आहे. तैवानमध्ये सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानांत गल्ल्याजवळच्या कुकरमध्ये ही अंडी दिवसभर गरम होत पडलेली असतात, आणि दार ढकललं की आधी वास येतो तो त्यांचाच.

किती रोजचा, तर बघा. १९८० च्या दशकात, आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर, चीनमध्ये एक वाक्प्रचार फार चालायचा: अणुबॉम्ब बनवणाऱ्यापेक्षा चहाची अंडी विकणारा जास्त कमावतो. त्यांच्या भाषेत बॉम्बमधला 'दान' आणि अंड्याचा 'दान' यांचा उच्चार सारखाच, त्यामुळे यमकही फुकटात जुळलं. शास्त्रज्ञ-प्राध्यापकांचे पगार सरकारी आणि ठरलेले, तर रस्त्यावरच्या फेरीवाल्याच्या हातात रोजची रोकड. (आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी फार हसू नये. अप्रेझलच्या महिन्यात हापिसात 'चहाची टपरी टाकावी' हे वाक्य किती वेळा ऐकू येतं?) पुढे तैवानच्या एका प्राध्यापकांनी टीव्हीवर सांगून टाकलं की चीनमधल्या लोकांना चहाचं अंडंसुद्धा परवडत नाही. ती क्लिप २०१३ च्या सुमारास गाजली, आणि चिनी नेटकऱ्यांनी 'आज आमच्या घरी चहाचं अंडं, श्रीमंती बघा' अशा थाटात फोटो टाकून त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली.

सांगायचा मुद्दा हा की स्वस्ताई हा या पदार्थाचा स्वभाव आहे. म्हणूनच इंटरनेटवर याचं जे 'गूरमे' रूप फिरतं ते मला पटत नाही. म्हणे लापसांग सूचाँग मागवा. हा फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरातला, पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा, आणि चहा म्हणून प्यायला तो झकासच आहे. पण तो सोया सॉस आणि चक्रीफुलाबरोबर तासभर उकळायचा? त्या गर्दीत धूर कुठल्या कुठे जातो, आणि तुमच्या हातात उरतं ते कुरिअरचं बिल. दुसरा हट्ट म्हणजे बलक अर्धवट ओलाच हवा. तो हवा असेल तर खुशाल करा, पण मग ते रामेनवरचं जपानी अंडं झालं. चहाच्या अंड्याचा बलक घट्टच असतो आणि त्याभोवती हिरवट-करडी कडाही येते. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो संयोग. दिसायला बेताचा, पण खायला निरुपद्रवी.

शिवाय आपल्याला परदेशी चहाची गरजच काय? तैवानच्या सन मून लेकच्या काठावर चहाची अंडी प्रसिद्ध आहेत. तिथे ती शिताके मशरूम आणि तिथल्याच काळ्या चहात शिजतात. आणि तिथला काळा चहा मुळात जपानी राजवटीत, १९२० च्या दशकात, आसामी जातीची झाडं नेऊन सुरू झालेला! म्हणजे आसामचा साधा पानांचा चहा घातला तर त्यात बाटवाबाटवी काही नाही. फक्त आपली रोजची दाणेदार पावडर नको. ती पटकन कडू होते आणि अंड्यांच्या भेगांत जाऊन बसते. तीच वापरायची असेल तर फडक्यात पुरचुंडी बांधून घाला.

आता कृती. आठ अंडी, शक्यतो चार-सहा दिवस जुनी, कारण अगदी ताज्या अंड्यांची टरफलं सुटता सुटत नाहीत. आठ मिनिटं उकडा, गार पाण्यात टाका, आणि चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने सगळीकडून टिचवा. सोलायचं नाही. नक्षी उमटते ती या भेगांतूनच. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे चहा, पाच-सहा मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर साखर, दोन चक्रीफुलं, दालचिनी, थोडी बडीशेप, दोन-तीन लवंगा. सिचुआन मिरी न मिळाल्यास अडू नका, कोकण-गोव्यातलं तिरफळ तिचं सख्खं चुलत भावंड आहे. दोन-तीन तिरफळं बिया काढून टाकायची. अंडी या पाण्यात अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवा, गार झाली की पाण्यासकट रात्रभर फ्रिजमध्ये. हा रात्रभरचा भाग गाळू नका! अर्ध्याहून जास्त चव तिथेच येते. आपल्या हवेत पातेलं रात्रभर ओट्यावर तर मुळीच ठेवू नका.

आणि धूर हवाच असेल तर तो शेवटी, वेगळा द्यायचा. यासाठी आधी अंडी सोलून कोरडी पुसा. ओल्या अंड्यावर धूर नीट धरत नाही. लोखंडी कढईत (नॉनस्टिक अजिबात नको, रिकामं तापवायचं भांडं नाही ते) फॉइल पसरा, त्यावर अर्धी वाटी तांदूळ, दोन चमचे चहा, दोन चमचे साखर किंवा गूळ. चिनी लोक बदकं धुरावतात ती बऱ्याचदा अशाच मिश्रणावर. वर जाळी, जाळीवर अंडी. धूर दिसायला लागला की घट्ट झाकण, आच कमी, सहा-सात मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण तसंच. त्याहून जास्त ठेवलंत तर चव राखेची. एक्झॉस्ट फॅन आधीपासून चालू हवा, नाहीतर शेजारचे काका बेल वाजवणार हे नक्की.

निखाऱ्यावर तूप सोडून देतात तो आपला धुंगार चालेल का? चालेल, पण तुपाचा वास अंड्याला दाल तडक्याकडे ओढून नेतो. मला स्वतःला तांदूळ-गुळाचा धूर आवडतो, थोडा गोडसर, थोडा जळका.

उरलेलं पाणी फेकू नका. गाळून, एकदा खळखळून उकळून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवड्याच्या आत आणखी एक घाणा सहज निघतो. त्या वेळी सोया सॉस थोडा वाढवा, आणि चहा मात्र नवा घाला.