वाळवंटातील राजकन्या



संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा नाश, असे मोठी माणसे म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण एखादा खेळ चांगल्या गोष्टीसारखा आपल्याला विचार करायला लावतो. अशाच एका खेळातील राजकन्येविषयी मला तुम्हांला सांगायचे आहे.

खेळाचे नाव ‘फायनल फॅन्टसी बारा’. जपानमधील स्क्वेअर एनिक्स या कंपनीने तो २००६ साली काढला. खेळणारा यात कथेतील पात्रांची भूमिका घेतो आणि त्यांच्याबरोबर प्रवास करतो. कथा काल्पनिक आहे. दाल्मास्का नावाचे एक छोटे राज्य. राजधानीच्या पूर्वेला वाळवंट आणि पश्चिमेलाही वाळवंट. अ‍ॅश ही तिथली राजकन्या. वय अवघे एकोणीस वर्षांचे.

अ‍ॅशचे लग्न होते आणि थोड्याच काळात आर्केडियाचे साम्राज्य चालून येते. तिचा पती रास्लर लढाईत मारला जातो. तहाच्या वेळी वडिलांचा खून होतो. राजकन्याही मरण पावली, अशी घोषणा होते. पण ती जिवंत असते. नाव बदलून ती बंडखोरांबरोबर राहते आणि राज्य परत मिळवण्यासाठी झटते.

या कथेत काही विलक्षण दगड आहेत. त्यांच्यात भयंकर शक्ती भरलेली असते. अशाच एका दगडाने रास्लरचे नगर क्षणात उद्ध्वस्त झालेले असते. पुढे तसा दगड मिळवण्याची संधी अ‍ॅशला येते. वडिलांना मारणारा माणूसच समोर उभा राहून तिला ‘सूड घे’ म्हणून डिवचतो. मृत पतीची छाया दिसते. तीही तिला त्याच वाटेने नेऊ पाहते. पण आपला पती असे कधी सांगणार नाही, हे अ‍ॅश ओळखते. ती दगडाची शक्ती नाकारते.

इतका वेळ तिची तलवार आपण चालवत असतो. या क्षणी मात्र खेळ आपल्याला काही विचारत नाही. आपण फक्त पाहायचे. मला हे फार योग्य वाटते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “हा तर भित्रेपणा झाला! ज्यांनी तिचे सर्वस्व नेले, त्यांना सोडून द्यायचे?” प्रश्न बरोबर आहे. पण अ‍ॅशने लढणे सोडलेले नाही. तिने फक्त सूड सोडला. आर्केडियाच्या राजघराण्यातील लार्सा हा बारा वर्षांचा मुलगा शांततेसाठी तिच्याबरोबर फिरलेला असतो. दगड वापरला असता, तर लार्साची निरपराध माणसेही मेली असती. मग तह कोणाशी झाला असता? शेवटी युद्ध थांबते, दाल्मास्का स्वतंत्र होते आणि अ‍ॅश राणी होते.

तुम्ही ज्याला ‘इंतिकाम’ म्हणता, त्याला मराठीत ‘सूड’ म्हणतात. तुमचा ‘सब्र’ हा शब्द तर मराठीत ‘सबुरी’ होऊन घरचाच झाला आहे. सबुरी म्हणजे हात बांधून गप्प बसणे नव्हे. आपला हक्क मागावा, त्यासाठी झगडावे. पण रागाला आपला मालक होऊ देऊ नये. अ‍ॅशचे दुःख मोठे आहेच. माझ्या मते तिचा निर्णय त्याहून मोठा आहे.

मित्रांनो, आपल्याजवळ जादूचा दगड नाही. पण वर्गात कोणी अपमान केला, मैदानावर कोणी मुद्दाम पाडले, की मनात आग पेटते. त्या क्षणी एक कडवट शब्दही दगडाचे काम करतो. तो उचलायचा की खाली ठेवायचा, हे कोणता खेळ ठरवणार नाही. ते तुम्हांलाच ठरवायचे आहे.