सुट्टी घराची, खाडा मावशींचा? कुटुंब फिरायला गेल्यावर मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा पगार कापावा का?

‘मावशी, आम्ही बारा दिवस बाहेर जातोय. परत आलो की फोन करते.’ मे महिना लागला की मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकच्या अनेक घरांतून असा निरोप जातो. या बारा दिवसांच्या पगाराचं काय, याचा निरोपात उल्लेख नसतो. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पैसे हातात येतात आणि मग कळतं की बारा दिवस कापलेत.

घरोघरी यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘काम नाही, तर पगार कसला?’ ऐकायला ते बरोबर वाटतं. पण हिशोब मांडला की चित्र बदलतं.

वर्षभराचा हिशोब

समजा, एका घरात मूल सांभाळणाऱ्या ताईंना महिना 15,000 रुपये ठरलेत. तीस दिवसांनी भागलं तर दिवसाचे 500 रुपये. कुटुंब मे महिन्यात 12 दिवस फिरायला गेलं, गणपतीला 4 दिवस गावी, दिवाळीत 5 दिवस आजी-आजोबांकडे आणि डिसेंबरच्या अखेरीस 6 दिवस गोव्याला. एकूण 27 दिवस. सगळे कापले तर 13,500 रुपये.

आता दिवाळीचा बोनस बघा. बऱ्याच घरांत एक पगार बोनस देण्याची पद्धत आहे, म्हणजे या ताईंना 15,000 रुपये. एका हाताने दिलेल्या या बोनसमधले 13,500 दुसऱ्या हाताने वर्षभरात परत घेतलेले असतात. दोन्ही रकमा कधी शेजारी लिहिल्या जात नाहीत, म्हणून हे लक्षात येत नाही.

कापण्याची वेळही नेमकी वाईट असते. मे महिन्याचा पगार जूनच्या सुरुवातीला मिळतो आणि महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनमध्येच सुरू होतात. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट हे सगळे खर्च तेव्हाच अंगावर येतात. खोलीचं भाडं, भिशी आणि बचत गटाचा हप्ता तर बारा दिवस थांबत नाही.

खाडा नेमका कोणाचा?

खाडा म्हणजे कामावर न येणं. इथे ताई यायला तयार असतात, दार बंद असतं. न येण्याचा निर्णय त्यांचा नसतो आणि तारखाही त्यांनी ठरवलेल्या नसतात.

बारा दिवसांपुरतं दुसरं काम शोधणंही सोपं नाही. मूल सांभाळायला कोणी बारा दिवसांसाठी नवीन माणूस ठेवत नाही आणि कायमचं काम धरलं तर जुनं घर सोडावं लागतं. कुटुंबाला मात्र परत आल्यावर त्याच ताई हव्या असतात, कारण मूल त्यांच्याकडे रुळलेलं असतं. थोडक्यात, महिन्याचा पगार हा फक्त केलेल्या कामाचा नसतो. तो राखून ठेवलेल्या वेळेचाही असतो.

शाळेची किंवा डे केअरची फी घेऊन बघा. मूल आठवडाभर गेलं नाही म्हणून महिन्याची फी सहसा कमी होत नाही, कारण जागा त्याच्यासाठी राखलेली असते. आणि फिरायला गेलेले आई-बाबा नोकरदार असतील, तर बहुतेक वेळा ते स्वतः भरपगारी रजेवर असतात.

कायदा काय म्हणतो?

याबाबत कायदा जवळपास गप्प आहे. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, कल्याणकारी योजना आहेत. पण मालकाचं घर बंद असेल तर पगार द्यायचा की नाही, हे त्यात नाही.

दुकानं आणि ऑफिसांचं तसं नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला 8 किरकोळ रजा आणि 8 सणांच्या भरपगारी सुट्ट्या आहेत. मोठ्या कारखान्यात मालकाच्या अडचणीमुळे काही दिवस काम देता आलं नाही, तर पात्र कामगारांना निम्मा पगार भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. घर हे मात्र ‘आस्थापना’ धरलं जात नाही. त्यामुळे तिथे काम करणारी बाई या सगळ्याच्या बाहेर राहते.

हीच फट लॉकडाऊनमध्ये उघडी पडली. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने पगार न कापण्याचा आदेश काढला, पण त्यात उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचा उल्लेख होता, घरांचा नव्हता. ज्यांना पगार मिळाला, त्यांना तो त्या घराच्या चांगुलपणामुळे मिळाला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार क्रमांक 189 मंजूर केला. त्यात भरपगारी वार्षिक रजेचा मुद्दा आहे. भारताने बाजूने मतदान केलं, पण कराराला औपचारिक मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

प्रश्न मात्र नवा नाही. पुण्यात घरकामगार बायकांनी 1980 मध्ये संप केला होता आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली.

दुसरी बाजूही आहे

सगळीच घरं श्रीमंत नसतात. दोघांच्या पगारात गृहकर्जाचा हप्ता भागवणाऱ्या कुटुंबाला फिरायचा खर्च आणि पूर्ण पगार एकत्र जड जाऊ शकतो. पण तिकिटं, हॉटेल, खरेदी यांचं बजेट आधी ठरतं. त्याच यादीत हे 6,000 रुपये धरले तर ओढाताण कमी होते.

कुटुंब दोन-तीन महिने परदेशी जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पूर्ण पगार शक्य नसेल तर निम्म्या पगारावर जागा राखता येते किंवा महिनाभर आधी सांगून त्यांना दुसरं काम धरायची मोकळीक देता येते. ‘पगार नाही, पण दुसरीकडे जाऊ नका’ ही अट मात्र अन्यायाची आहे.

तासाने काम करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. अ‍ॅपवरून मदतनीस बोलावली तर तेवढ्याच तासांचे पैसे द्यावे लागतात, पण कायम तीच व्यक्ती मिळेल याची खात्री नसते. महिन्याची खात्री हवी आणि पैसे हजेरीप्रमाणे द्यायचे, हे दोन्ही एकदम जमत नाही.

मग योग्य काय?

एक, कुटुंब स्वतःहून गेलं तर पूर्ण पगार. साध्या आठ-पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी हाच नियम ठेवणं सोपं.

दोन, ताईंची हक्काची रजा आणि घराची सुट्टी जुळवायची असेल तर आधी विचारा. वर्षाच्या सगळ्या रजा कुटुंबाच्या तारखांत संपवल्या, तर गावची जत्रा, आजारपण किंवा मुलीच्या परीक्षेसाठी त्यांच्याकडे काही उरत नाही.

तीन, ‘आता पगार घ्या, नंतर रविवारी येऊन भरून काढा’ असं करू नका. ती सुट्टी ठरत नाही, उसने दिवस होतात.

चार, ताईंना सोबत न्यायचं असेल तर ते कामच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2011 ची शिफारसही सांगते की मालकासोबत सहलीला गेलेले दिवस कामगाराच्या वार्षिक रजेत धरू नयेत. हॉटेलात मूल रात्री उठलं तर त्याच उठतात. त्यामुळे प्रवास, जेवण, झोपायची नीट जागा आणि जास्तीच्या तासांचे पैसे निघायच्या आधी ठरायला हवेत. त्यांना यायचं नसेल तर नाही म्हणण्याची मुभाही हवी.

पाच, हे सगळं काम सुरू होतानाच बोला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘आम्ही गावी गेलो तरी पगार पूर्ण. तुमच्या रजा महिन्याला दोन. बाहेर जाणार असू तर पंधरा दिवस आधी सांगू.’

ही बोलणी सुरू करायची जबाबदारी कुटुंबाचीच आहे. काम जाईल या भीतीने ताई सहसा हा विषय काढत नाहीत. त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना कपात मान्य आहे, असं नाही.